इंग्रजी कच्चे, प्रवेश पक्का

अमेरिकेतल्या कॉलेजात दाखल होणाऱ्या परदेशी मुलाला इंग्रजी किती यायला हवे, हे एकोणिसाव्या शतकात कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते. प्रवेश मिळायचा तो ओळखीने, पत्राने किंवा मिशनऱ्याच्या शिफारशीने. मुलाची भाषा कच्ची निघाली तर ती पक्की करण्याचे काम कोणी ना कोणी अंगावर घेई. कधी ते एखादे कुटुंब असे, कधी गावातला पाद्री, कधी शाळेतल्या बाई. पुढे हे काम विद्यापीठाकडे गेले, तिथून परीक्षेकडे, मग कम्युनिटी कॉलेजांकडे आणि अखेरीस खासगी कंपन्यांकडे. इंग्रजी कच्चे असलेल्या मुलाला कॉलेजचे कोणते दार कधी उघडे होते हे पाहू लागले, की दर वेळी तोच प्रश्न समोर येतो: हे कच्चेपण कोणाच्या खर्चाने भरून काढायचे?

आरंभीचे ठळक नाव युंग विंग या चिनी विद्यार्थ्याचे. मकावजवळच्या एका खेड्यात १८२८ साली जन्मलेला हा मुलगा मकाव आणि हाँगकाँग इथल्या मिशन शाळांत इंग्रजी शिकला. त्याचे मास्तर रेव्हरंड सॅम्युएल ब्राउन १८४७ साली मायदेशी परतले, तेव्हा त्यांनी त्याला आणि आणखी दोघा मुलांना बरोबर नेले आणि मॅसॅच्युसेट्समधल्या मन्सन ॲकॅडमीत घातले. कॉलेजआधीची तयारी करून घेणाऱ्या अशा शाळा न्यू इंग्लंडमध्ये गावोगाव होत्या. १८५४ साली युंग विंगने येलची पदवी घेतली. अमेरिकी विद्यापीठाचा तो पहिला चिनी पदवीधर. येलमध्ये त्याला इंग्रजी निबंधाची बक्षिसे मिळाली आणि गणिताने मात्र घाम फोडला. परदेशी मुलाचा अडसर तो फक्त भाषेचा, हा समज पहिल्याच पदवीधराने खोटा पाडला होता. समज तरीही पुढे दीडशे वर्षे टिकला.

युंग विंगच्याच खटपटीने चिनी सरकारने १८७२ ते १८७५ या काळात दरवर्षी तीस याप्रमाणे १२० मुलगे अमेरिकेत पाठवले. या मोहिमेचे मुख्यालय कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड गावी होते. मुलांना थेट शाळेत न बसवता आधी दोघादोघांच्या जोड्या करून कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्समधल्या घरांत ठेवले गेले. जेवणाच्या टेबलावर, चर्चमध्ये आणि घरकामात मुले इंग्रजी उचलत. मधूनमधून त्यांना हार्टफर्डला बोलावून चिनी अभ्यासाची उजळणी घेतली जाई. भाषा शिकवण्याची ही पद्धत इतकी फळली, की तेच मोहिमेच्या मुळावर आले. मुले बेसबॉल खेळू लागली, काहींनी चिनी रिवाजाची वेणी कापली, काही ख्रिस्ती धर्माकडे झुकली आणि १८८१ साली पेकिंगने सगळ्यांना परत बोलावले. तोवर मोजक्याच मुलांच्या हाती पदवी पडली होती. त्यांतला झान तिएनयो येलमधून इंजिनिअर होऊन गेला आणि पुढे त्याने पेकिंग ते झांगजियाकौ हा रेल्वेमार्ग बांधला.

जपानी मुलांची वाट थोडी निराळी होती. न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक इथे रटगर्स कॉलेजला जोडून एक शाळा होती. १८६६ नंतर जपानहून आलेली मुले आधी या शाळेत आणि मग जमेल तशी कॉलेजात जात. कुसाकाबे तारो हा त्यांतला सर्वांत हुशार. १८७० साली पदवी हाती पडण्याच्या थोडे आधी तो क्षयाने वारला. कॉलेजने त्याला मरणोत्तर पदवी दिली आणि त्याची कबर आजही न्यू ब्रन्सविकमध्ये आहे. त्याच सुमारास देशाबाहेर जाण्यावरची बंदी मोडून पळून आलेला निइजिमा जो याला बोस्टनच्या एका जहाजमालकाने पोटच्या मुलासारखे वाढवले. अँडोव्हरच्या शाळेतून तो ॲमहर्स्टला गेला आणि १८७० साली पदवीधर झाला. त्याने १८७५ साली क्योतोमध्ये काढलेली शाळा आज दोशिशा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

याच परंपरेत आनंदीबाई जोशी येतात. त्यांचे पती गोपाळराव जोशी यांनी कोल्हापुरात काम केलेल्या रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिले. वाइल्डर तोवर अमेरिकेत परतून प्रिन्स्टनहून एक मासिक चालवत होते, त्यात तो पत्रव्यवहार छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंच्या तो वाचनात आला आणि पुढची पत्रापत्री सुरू झाली. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, आनंदीबाई कलकत्त्याहून नवऱ्याविना निघाल्या. त्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपण परदेशी का जात आहोत हे इंग्रजीतून सांगितले होते. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला केलेला अर्जही त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहिला. इंग्रजीची वेगळी परीक्षा कोणी घेतली नाही. तो अर्ज हीच परीक्षा होती. शाळेत नीट न शिकलेल्या, नवऱ्याकडून आणि मिशन शाळेतून थोडेथोडके शिकलेल्या मुलीला कॉलेजने घेतले आणि रोझेलच्या घराने सांभाळले. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. याच कॉलेजातल्या १८८५ सालच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात आनंदीबाईंबरोबर जपानच्या ओकामी केइको आणि सीरियातल्या साबात इस्लांबूली बसल्या आहेत, तिघी आपापल्या देशी पोशाखात. त्या कॉलेजात मराठी, जपानी आणि अरबी या तीन भाषांतून येऊन मुली शरीरशास्त्र इंग्रजीतून शिकत होत्या. आनंदीबाईंचा बळी परक्या भाषेने घेतला नाही. तिथली थंडी, अन्न आणि आजार यांनी घेतला.

या साऱ्या वाटा माणसांच्या भलेपणावर चालत होत्या. पाच-पन्नास मुलांपुरते हे जमते, शेकड्यांनी मुले येऊ लागली की पुरे पडत नाही. संख्या वाढली ती चीनमधल्या बॉक्सर बंडानंतर. चीनकडून वसूल केलेल्या नुकसानभरपाईतला आपला जादा वाटा परत देण्याचे अमेरिकेने १९०८ साली ठरवले आणि तो पैसा विद्यार्थ्यांवर खर्च करण्याची योजना झाली. १९०९ साली पहिली ४७ मुलांची तुकडी परीक्षा घेऊन निवडली गेली. पुढच्या वर्षीच्या तुकडीत कॉर्नेलला गेलेले हू शी आणि भाषाशास्त्रज्ञ झालेले झाओ युआनरेन होते. मात्र निवडलेल्या मुलांची इंग्रजीची तयारी सारखी नव्हती. म्हणून १९११ साली पेकिंगमध्ये छिंगह्वा ही शाळाच काढण्यात आली. तिथे बरेच विषय इंग्रजीतून आणि अमेरिकी पाठ्यपुस्तकांवरून शिकवले जात, अमेरिकी मास्तर शिकवत आणि बाहेर पडणारी मुले अमेरिकी कॉलेजात थेट वरच्या वर्गात बसत. कच्चेपण मायदेशातच, सरकारी खर्चाने भरून काढण्याची ही पहिली मोठी व्यवस्था होती. आजचे चीनमधले अव्वल विद्यापीठ अशा रीतीने पूर्वतयारीची शाळा म्हणून जन्माला आले.

अमेरिकेच्या बाजूने मात्र या काळात फार काही घडले नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९११ पासून परदेशी लोकांना इंग्रजी शिकवायला सुरुवात केली, हा अपवाद. बाकी ठिकाणी मुलाने वर्गात बसावे आणि कानावर पडेल ते झेलावे. कोलंबियाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर १९०९ साली हॅरी एडमंड्स या वायएमसीएच्या कार्यकर्त्याने एका चिनी विद्यार्थ्याला सहज नमस्कार केला, तेव्हा तो मुलगा थांबला आणि म्हणाला, की तीन आठवड्यांत आपल्याशी बोललेले तुम्ही पहिलेच. त्या एका वाक्यातून पुढे १९२४ साली न्यूयॉर्कचे इंटरनॅशनल हाउस उभे राहिले. ज्याच्याशी कोणी बोलतच नाही त्याची भाषा सुधारणार कशी, हे त्या मुलाने कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाच्या आधी सांगून टाकले होते.

चित्र पालटले ते दुसऱ्या महायुद्धात. युरोपातल्या विद्यापीठांची वाट बंद झाली आणि लॅटिन अमेरिकेतले डॉक्टर, इंजिनिअर, पदवीधर अमेरिकेकडे वळले. शेजारच्या या देशांशी मैत्री राखण्याची वॉशिंग्टनला निकड होती. १९४१ साली मिशिगन विद्यापीठाने ॲन आर्बर इथे इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूट काढली. तिचे संचालक चार्ल्स फ्राइस हे व्याकरणातले वेगळे प्रकरण होते. अमेरिकी माणूस प्रत्यक्षात कसे इंग्रजी लिहितो हे पाहण्यासाठी त्यांनी सामान्य लोकांनी सरकारी खात्याला पाठवलेल्या हजारो पत्रांचा अभ्यास केला होता आणि त्यावर १९४० साली अमेरिकी इंग्रजीचे व्याकरण लिहिले होते. पुस्तकातले शुद्ध इंग्रजी बाजूला ठेवून चालते-बोलते इंग्रजी शिकवायचे, ही त्यांची भूमिका होती.

फ्राइस यांची पद्धत आज ऐकायला रुक्ष वाटेल, पण त्या काळी तिच्यात नवेपणा होता. आधी ध्वनी, मग वाक्यांचे साचे, शब्द अगदी मोजके. स्पॅनिश बोलणाऱ्याला इंग्रजीतला कोणता स्वर जड जातो आणि चिनी बोलणाऱ्याला कोणता, याचा आधीच तपास करून धडे बेतलेले असत. एकच साचा शब्द बदलून पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायचा, इतका की विद्यार्थ्याला विचार करायला सवड मिळू नये. दिवसाचे अनेक तास हेच चाले आणि काही आठवड्यांत मुलगा बोलता व्हावा ही अपेक्षा असे. आपल्याकडे पाढे घोकून घेत तसाच हा प्रकार होता, फक्त त्यामागे भाषाशास्त्र होते. तासन्‌तास, पूर्णवेळ, फक्त इंग्रजी हा इंटेन्सिव्ह इंग्लिशचा नमुना इथूनच देशभर गेला.

फ्राइस यांचे सहकारी रॉबर्ट लाडो यांची स्वतःची गोष्ट या विषयाला धरून आहे. फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे स्पॅनिश आईबापांच्या पोटी जन्मलेले लाडो लहानपणीच स्पेनला गेले आणि एकविसाव्या वर्षी परतले ते जवळजवळ इंग्रजीविना. जन्माने अमेरिकी, भाषेने परदेशी. परभाषेच्या परीक्षा कशा घ्याव्यात या विषयाचा पाया घालणारे पुस्तक त्यांनी १९६१ साली लिहिले. त्याआधीच मिशिगनची स्वतःची इंग्रजीची परीक्षा तयार झाली होती आणि इतर विद्यापीठेही तिचे गुण मानू लागली होती. शिकवणारी संस्था परीक्षा घेऊ लागली, ही गोष्ट पुढे महागात पडायची होती, कारण परीक्षा शिकवण्यापेक्षा स्वस्त असते.

युद्धानंतर ओघ वाढत गेला. १९४६ साली शिष्यवृत्त्यांचा फुलब्राइट कायदा झाला, १९४८ साली परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागारांची राष्ट्रीय संघटना निघाली आणि १९४८-४९ मध्ये अमेरिकेत सुमारे पंचवीस हजार परदेशी विद्यार्थी होते. मिशिगनचे अनुकरण ठिकठिकाणी झाले. संकटाच्या वेळी छोटी कॉलेजेही मागे राहिली नाहीत. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून पळालेल्या ३२५ विद्यार्थ्यांना न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजने हिवाळ्याच्या सुटीत आपल्या आवारात ठेवून घेतले, काही आठवडे इंग्रजी शिकवले आणि मग वेगवेगळ्या कॉलेजांकडे पाठवले. इंग्रजीचा गंध नसलेल्या मुलाला आधी आत घ्यायचे आणि मग शिकवायचे, ही जुनी घरगुती रीत त्या हिवाळ्यात पुन्हा दिसली.

परंतु हजारो अर्ज येऊ लागल्यावर निवड करणाऱ्यांना घाई होती. ठिकठिकाणचे वकिलातीतले अधिकारी आणि मिशनरी मुलाचे इंग्रजी ‘चांगले’ आहे असे लिहून देत आणि मुलगा आला की त्याला साधी सूचनाही कळत नसे. इंग्लंडमध्ये केंब्रिजने १९१३ सालीच परभाषकांसाठी इंग्रजीची परीक्षा सुरू केली होती. पहिल्या वर्षी तिला तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. अमेरिकेला एवढी कडक परीक्षा नको होती. तिला झटपट, एकसारखी आणि यंत्राने तपासता येईल अशी परीक्षा हवी होती. १९६२ साली अनेक संस्थांनी मिळून एक राष्ट्रीय परिषद नेमली आणि १९६४ साली टोफेल ही परीक्षा सुरू झाली. पुढच्याच वर्षी ती ई.टी.एस. आणि कॉलेज बोर्ड यांच्याकडे गेली. ई.टी.एस. ही परीक्षा घेणारी संस्था प्रिन्स्टनची. गोपाळरावांचे पत्र जिथून छापून निघाले तेच हे गाव, आता जगभरच्या मुलांचे इंग्रजी मोजू लागले.

सुरुवातीच्या टोफेलमध्ये सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे होते. बोलायचे काही नव्हते आणि निबंधही नव्हता. बोलण्याची वेगळी परीक्षा १९७९ च्या सुमारास आली, लेखनाची १९८६ मध्ये, आणि बोलणे मुख्य परीक्षेत सामावले ते २००५ च्या इंटरनेटवरच्या टोफेलमध्ये. मधल्या चाळीस वर्षांत पदवीसाठी ५०० आणि पदव्युत्तरसाठी ५५० हे आकडे जगभरच्या मुलांना पाठ झाले. २००५ च्या मोजपट्टीवर ५५० म्हणजे १२० पैकी ७९-८० होते. भारतातून जाणाऱ्या मुलांनाही ही परीक्षा चुकली नाही, मग त्यांची पदवी इंग्रजीतून झालेली असली तरी. कच्चेपण कोणाच्या खर्चाने भरायचे याचे उत्तर टोफेलने मुकाट्याने बदलले. आता ते विद्यार्थ्याच्या खर्चाने, त्याच्याच गावी, क्लास लावून भरायचे होते.

ज्याला ५५० पडत नव्हते त्याच्यासाठी एक मधली वाट निघाली. विद्यापीठ सशर्त प्रवेश देई: अभ्यासाचे गुण पसंत आहेत, इंग्रजी पुरे झाले की पदवीच्या वर्गात बसा. तोवर विद्यापीठाच्या इंटेन्सिव्ह इंग्लिशच्या वर्गात बसायचे. असे वर्ग चालवणाऱ्या विद्यापीठांनी १९६७ साली आपला एक संघ स्थापन केला. त्याआधी १९६१ साली ई.एल.एस. ही खासगी संस्था निघाली होती. ती कॉलेजांच्या आवारात जागा घेऊन आपले वर्ग चालवी. तिच्या पायऱ्यांत ११२ क्रमांकाची पायरी शेवटची होती आणि ती ओलांडलेल्या मुलाला अनेक कॉलेजे टोफेलविना घेत. एका परीक्षेच्या गुणांऐवजी महिनोन्‌महिन्यांच्या वर्गावर विश्वास ठेवणारी ही पद्धत विद्यार्थ्याला मानवणारी होती, पण फी भरू शकणाऱ्यालाच.

ती भरण्याची ताकद १९७० च्या दशकात तेलाने दिली. व्हेनेझुएलाने १९७४ साली सरकारी शिष्यवृत्त्या काढून हजारो मुले बाहेर पाठवली. इराणची मुले तर इतकी आली, की १९७९-८० मध्ये अमेरिकेत त्यांची संख्या ५१,००० च्या वर होती आणि कोणत्याही देशाहून ती जास्त होती. गावोगावच्या विद्यापीठांतले भाषावर्ग या मुलांवर उभे राहिले. इराणमधल्या क्रांतीनंतर हा ओघ आटला तेव्हा त्यांतले कित्येक वर्ग ओस पडले. भाषावर्गाचे नशीब तेलाच्या भावाशी आणि परराष्ट्र धोरणाशी बांधलेले असते, हे तेव्हा पहिल्यांदा दिसले. शेवटचे नाही.

यानंतरचे दार कम्युनिटी कॉलेजांचे. ही कॉलेजे परदेशी मुलांसाठी निघालीच नव्हती. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट इथे पहिले ज्युनिअर कॉलेज निघाले ते गावातल्या मुलांना घरी राहून पहिली दोन वर्षे शिकता यावीत म्हणून. १९४७ च्या ट्रुमन आयोगाने अशी कॉलेजे देशभर पसरावीत असे सुचवले आणि कॅलिफोर्नियाने १९६० च्या आराखड्यात त्यांना विद्यापीठाच्या खालची पहिली पायरी ठरवले. दार सगळ्यांना उघडे, प्रवेशपरीक्षा नाही. या उघड्या दारातून परदेशी मुले आत आली. टोफेलची अट इथे कमी असे, काही ठिकाणी ती नसेच. मुलगा आल्यावर कॉलेज स्वतःची चाचणी घेई आणि त्याप्रमाणे इंग्रजीच्या वर्गात बसवी. दोन वर्षे इथे काढायची, तेवढ्यात इंग्रजीही पक्के होते, आणि मग क्रेडिट घेऊन तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचे. लॉस एंजेलिसजवळचे सांता मोनिका कॉलेज, टेक्ससमधले ह्यूस्टन कम्युनिटी कॉलेज आणि वॉशिंग्टन राज्यातली सिएटलच्या आसपासची कॉलेजे या मुलांसाठी नावाजली. कमतरता वेगळ्या होत्या. बहुतेक ठिकाणी वसतिगृह नाही, म्हणजे पुन्हा कोणाच्या तरी घरी राहणे आले, आता पैसे मोजून. गावातल्या मुलाच्या कितीतरी पट फी परदेशी मुलाला पडे. तरीही विद्यापीठाच्या मानाने हे स्वस्त होते आणि कच्च्या इंग्रजीला इथे कोणी नाक मुरडत नसे. या सगळ्या वाटांत हीच सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागेल, कारण भाषा आणि विषय इथे एकाच छपराखाली, एकाच वेळी शिकता येत.

मुलाची मूळ भाषाच वर्गात आणण्याचा प्रयोगही अमेरिकेत झाला, जरी तो परदेशी मुलांसाठी नव्हता. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९६८ साली स्थापन झालेले ऑस्तोस कम्युनिटी कॉलेज पोर्तो रिकोहून आलेल्या वस्तीसाठी होते. पोर्तो रिकोची माणसे अमेरिकेची नागरिक, पण घरची भाषा स्पॅनिश. ऑस्तोसमध्ये विद्यार्थी इतिहास किंवा जीवशास्त्र स्पॅनिशमधून सुरू करी आणि इंग्रजी वाढेल तसा इंग्रजी वर्गांकडे सरके. १९७६ साली न्यूयॉर्क शहराच्या दिवाळखोरीत ते बंद करण्याचे ठरले तेव्हा वस्तीने रस्त्यावर उतरून ते वाचवले. पण १९९७ मध्ये विश्वस्तांनी पदवीदान तोंडावर आलेले असताना इंग्रजी लेखनाच्या परीक्षेची सक्ती केली आणि कित्येकांची पदवी अडली. पोर्तो रिको विद्यापीठात मात्र आजही शिकवण्याची मुख्य भाषा स्पॅनिश आहे. स्पॅनिश येणाऱ्या परदेशी मुलाला अमेरिकी पदवी मुख्यतः स्पॅनिशमधून मिळू शकते, ती इथे.

दरम्यान मिशिगनची संस्था बदलली. १९८५ ते २००१ या काळात तिचे संचालक असलेले जॉन स्वेल्स यांचे लक्ष नवशिक्यांकडे नव्हते. प्रवेश मिळालेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला शोधनिबंध, सारांश आणि प्रबंध इंग्रजीत कसा लिहावा हे त्यांनी शिकवायला घेतले आणि १९९४ साली क्रिस्टीन फीक यांच्यासह त्यावरचे पाठ्यपुस्तक लिहिले. टोफेल पार करून आलेल्या मुलालाही इंग्रजी पुरत नाही, ही त्या कामामागची साधी कबुली होती.

नवशिक्यांचा बाजार कंपन्यांनी घेतला. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये रुळलेली पाथवे पद्धत २००८ च्या सुमारास अमेरिकेत आली. इंटो या ब्रिटिश कंपनीने ओरेगॉन स्टेट विद्यापीठाशी भागीदारी केली, नंतर साउथ फ्लोरिडा आणि कोलोरॅडो स्टेटशी. पहिल्या वर्षात मुलगा इंग्रजीचे वर्ग करतो, त्याच जोडीला काही विषयांचे क्रेडिटही मिळवतो आणि अट पुरी झाली की दुसऱ्या वर्षाला जातो. कल्पना कम्युनिटी कॉलेजचीच, फक्त विद्यापीठाच्या नावाखाली आणि विद्यापीठाच्या फीत. मुले आणण्याचे काम देशोदेशीचे एजंट करत आणि प्रत्येक मुलामागे दलाली घेत. अमेरिकेतल्या प्रवेश समुपदेशकांच्या संघटनेने अशी दलाली आधी निषिद्ध मानली होती, २०१३ साली परदेशी विद्यार्थ्यांपुरती ती मान्य केली. त्यामुळे काही मुलांना खरोखर वाट मिळाली आणि काहींना महागडे, लांबलेले पहिले वर्ष. दलालाला दोन्ही सारखेच.

इंग्रजी कच्चे असलेल्या परदेशी मुलाची ही अडचण पुण्याला दुसऱ्या बाजूने माहीत आहे. इराण, अरब देश आणि आफ्रिकेतून मुले पुण्याच्या कॉलेजांत येत आली आहेत आणि त्यांतल्या अनेकांना इंग्रजी जेमतेम येते. फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ साली सिम्बायोसिस काढली ती मुळात परदेशी विद्यार्थ्यांना आधार म्हणून. आज तिचा पसारा विद्यापीठाएवढा झाला आहे आणि इंग्रजी शिकवणारी वेगळी संस्थाही तिच्यात आहे. ॲन आर्बरमध्ये जे व्याकरणतज्ज्ञाने सुरू केले ते पुण्यात वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने केले.

अमेरिकेत २००५ नंतर पुन्हा तेलाचा पैसा आला. सौदी अरेबियाने राजे अब्दुल्ला यांच्या नावाने काढलेल्या शिष्यवृत्तीत पदवीआधीच्या इंग्रजीचाही खर्च धरला होता आणि दहा वर्षे देशभरचे भाषावर्ग सौदी मुलांनी भरून गेले. तेलाचे भाव उतरले, २०१६ मध्ये सौदी सरकारने अटी कडक केल्या आणि वर्ग पुन्हा रिकामे झाले. सत्तरच्या दशकातला धडा कोणी लिहून ठेवला नव्हता. याच काळात सरकारही जागे झाले होते. नुसता व्हिसा विकणाऱ्या बनावट भाषाशाळा वाढल्यामुळे डिसेंबर २०१० च्या कायद्याने परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या प्रत्येक भाषाशाळेला अधिकृत मान्यता सक्तीची केली. आणि टोफेलचा मक्ताही सैल झाला. १९८९ पासूनची आयईएल्ट्स ही परीक्षा अमेरिकी विद्यापीठांनी स्वीकारली होतीच. ड्युओलिंगोची घरबसल्या द्यायची परीक्षा २०२० च्या साथीत, परीक्षाकेंद्रांना कुलपे लागल्यावर, शेकडो कॉलेजांनी मानली.

विद्यार्थी व्हिसाचा नियम मात्र या सगळ्यांपेक्षा समजूतदार आहे. अर्जदाराला निवडलेल्या अभ्यासापुरते इंग्रजी यावे, नाहीतर त्याला ते शिकवण्याची सोय संस्थेने केलेली असावी, असे तो म्हणतो. इंग्रजी न येणे हे त्यात व्हिसा नाकारण्याचे कारण धरलेले नाही. भाषावर्गातल्या विद्यार्थ्याने मात्र आठवड्याला निदान अठरा तास वर्गात बसले पाहिजे. २०१६ मध्ये सरकारने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: इंग्रजीची अट अपुरी असताना कॉलेजने पदवीच्या अभ्यासक्रमाचा आय-२० हा कागद देऊ नये, भाषावर्गाचा किंवा पाथवेचा द्यावा, आणि अट पुरी झाल्यावर पदवीचा नवा. तेव्हा सशर्त प्रवेशाचे पत्र हाती आले, की पेढे वाटण्याआधी आय-२० वर अभ्यासक्रमाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचावे. तिथे भाषाशिक्षण लिहिले असेल, तर पदवीचे वर्ष अजून सुरू व्हायचे आहे आणि त्याची फी वेगळी भरायची आहे.